प्रकाशचं मशीन आणि सुनंदाचे दोनशे पापड

गेल्या मे महिन्यात मी सलग तीन दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मोटारींच्या शर्यतीत शेवटचा येत होतो, आणि तेही बायकोच्या सांगण्यावरून.

मला मोटार चालवता येत नाही. मी पेणच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि स्कूटरसुद्धा अशी चालवतो की मागून येणारे रिक्षावाले आदराने थांबतात. पण या सगळ्याची सुरुवात माझ्यापासून झाली नाही. ती झाली माझ्या मेहुण्यापासून.

प्रकाश म्हणजे सुनंदाचा, माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. वय अठ्ठेचाळीस. राहणार रोहा, नोकरी केमिकल कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. माणूस सरळ, निर्व्यसनी, देवभोळा. फक्त टीव्हीसमोर बसून हातातली बटणं दाबत राक्षस मारणे हा एक नाद त्याला कॉलेजपासून आहे. सोमवारी सकाळी त्याचा फोन आला. आवाज इतका बारीक, की मला वाटलं कंपनीत वायुगळती झाली.

"भावजी, तुमच्या पत्त्यावर एक पार्सल येईल. ताईला सांगा, पण आमच्या घरी कुणाला बोलू नका. वैशालीला तर मुळीच नाय."

"आहे काय त्यात?"

"नवीन गेम कन्सोल. नुकताच लाँच झालाय. तीन वर्षं वाट बघतोय मी!"

"अरे प्रकाश, रविवारी तुझ्या मुलीचं लग्न आहे!"

"म्हणून तर तुमच्याकडे मागवला! या आठवड्यात तो खोका आमच्या दारात आला, तर वैशाली मला मांडवाच्या खांबाला बांधेल."

पुढच्या सूचना त्याने भराभर दिल्या. मशीन उघडायचं, आमच्या टीव्हीला जोडायचं, चालवून बघायचं, कारण काही बिघाड असेल तर पहिल्या चार दिवसांतच बदलून मिळतं. पहिलं मत काय झालं ते रोज फोनवर सांगायचं. आणि शनिवारी लग्नाला येताना ते मशीन गुपचूप, ओरखडा न पाडता, त्याच्या बायकोच्या, वैशालीच्या, नकळत रोह्याला आणायचं.

"भावजी, तुमच्याशिवाय कुणावर भरवसा नाय माझा," तो म्हणाला.

खरं सांगतो, मला भरून आलं! सव्वीस वर्षांत सासुरवाडीने माझ्याकडून दोनच अपेक्षा ठेवल्या होत्या : वेळेवर जेवायला बसणे आणि मदतीला न येणे. (दुसरीमागे इतिहास आहे. मी एकदा त्यांच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दुरुस्त केली होती. टाकी आता शेजाऱ्यांच्या परसात आहे.) तेव्हा हे काम निभावून दाखवायचंच, असं मी ठरवलं. मशीन धड पोचलं पाहिजे आणि वैशालीला कळता कामा नये. बस्स, एवढंच!

त्याच आठवड्यात आमच्या घरात दुसरं एक संकट ओट्यावर बसलेलं होतं. तन्वीच्या, म्हणजे भाचीच्या रुखवतात आत्याकडून दोनशे पोह्याचे पापड जायचे होते. पेणची आत्या आणि पापड बाहेरून विकत? रोहेकर बायकांनी वर्षभर चघळलं असतं. सुनंदाने पीठ कुटलं, लाट्या केल्या, लाटायला घेतलं, आणि आभाळ आलं. पाऊस नाही, ऊन नाही. नुसतं गोधडी पांघरल्यासारखं दमट, करडं आभाळ. पापड गच्चीवर टाकले तर ओल्या रुमालासारखे लोळत पडले. घरात पंख्याखाली टाकले तर उडून देव्हाऱ्यात गेले.

"अहो, शनिवारपर्यंत हे वाळले नाय तर मी लग्नाला येणार नाय," सुनंदा म्हणाली. "तुम्ही एकटे जा आणि सांगा, आत्या वारली."

मंगळवारी पार्सल आलं. मी ते आंघोळ करून उघडलं. आत पांढरंशुभ्र, मधोमध फुगलेलं, उभं राहणारं एक यंत्र. टीव्हीला जोडायला मला दोन तास लागले. (त्यातला दीड तास बटण भिंतीवर बंद होतं.) मग पडद्यावर एक पट्टी आली आणि मशीनने सांगितलं की ते आधी स्वतःला सुधारून घेणार आहे. कालच जन्माला आलेलं मशीन, ते आज सुधारणार! संध्याकाळपर्यंत ते सुधारतच होतं. माझ्या मोबाइलचं सगळं इंटरनेट पिऊन झाल्यावर त्याने शेजारच्या जोशांचं प्यायलं, मग कुठे एक झगझगीत लाल मोटार पडद्यावर उभी राहिली.

बुधवारी सकाळी नऊलाच प्रकाशचा फोन. कंपनीच्या चेंजिंग रूममधून, तोंडावर हात धरून.

"भावजी, पहिलं मत?"

"जड आहे," मी म्हणालो. "पाट्याएवढं."

"ते सोडा हो! ग्राफिक्स कसे वाटले?"

"मोटार अगदी खरी दिसते. भिंतीवर आपटली की आपल्यालाच लागल्यासारखं होतं."

"आणि चालवायला?"

"आपटायला सोपी आहे."

तो पलीकडे आनंदाने हुंदके देत होता. मी फोन ठेवला आणि पुन्हा मोटार आपटू लागलो. तेवढ्यात सुनंदा पिठाच्या हाताने टीव्हीमागचा रुमाल घ्यायला वाकली आणि तशीच थांबली.

"अहो."

"काय?"

"ह्याच्या पाठीतून गरम हवा येतेय."

"येणारच. मशीन आहे ते."

"गरम," ती सावकाश म्हणाली. "आणि कोरडी."

तिच्या डोळ्यांत जे चमकलं ते मी सव्वीस वर्षांत दोनदाच पाहिलं आहे. पहिल्या वेळी आमचा दिवाणखाना मोरपंखी झाला होता. मी काही बोलायच्या आत ती स्वयंपाकघरातून एक ओला पापड घेऊन आली आणि चिमटीत धरून मशीनच्या पाठीमागे उभी राहिली. मी आपटत होतो, ती धरून होती. दहा मिनिटांनी तिने पापड टिचकीने वाजवला. टण्ण!

"सुनंदा, हे प्रकाशचं आहे! त्याने विश्वासाने..."

"पापड कुणाच्या पोरीचे आहेत? प्रकाशच्याच ना? मग त्याचं मशीन त्याच्या पोरीच्या कामाला आलं तर बिघडलं कुठं?"

मी मुकाट्याने पुढची शर्यत सुरू केली. 

अर्ध्या तासात आमच्या दिवाणखान्याचा कारखाना झाला. मशीनच्या मागे खुर्च्या, खुर्च्यांवर चाळण्या, चाळण्यांवर पापड. ये-जा वाचावी म्हणून सुनंदाने पोळपाटही मशीनसमोर मांडला आणि तिथेच लाटायला बसली. मी सोफ्यावर, हातात ते बटणांचं खेळणं. आणि मग आम्हाला या यंत्राचा स्वभाव कळला. खेळ चालू असेल तर ते तापतं. खेळ थांबला, की ते थंड पडतं आणि हवा गार होते. म्हणजे पापड वाळायचे तर कुणीतरी खेळत राहायला हवं. कुणीतरी म्हणजे मी!

"अहो, हवा गार झाली! काय केलंत?"

"शर्यत संपली. मी सहावा आलो!" (सहाच मोटारी होत्या.)

"संपवता कशाला? रमतगमत चालवा की!"

इथे माझ्या अंगातला दुर्लक्षित गुण बाहेर आला. त्या खेळात बाकीचे पाचजण पोचले तरी आपली मोटार पोचेपर्यंत शर्यत संपत नसे. मी मोटार उलटी वळवायचो. भिंतीला लावायचो. प्रेक्षकांत घालायचो. प्रेक्षक बिचारे टाळ्या वाजवत राहायचे. एकेक शर्यत मी तासभर लांबवू लागलो. गुरुवारी माझे अंगठे सुजले. शुक्रवारी शाळेचे शिपाई परब वाटेत भेटले, त्यांनी नमस्कार केला, तर मी नकळत त्यांच्या डाव्या अंगाला वळलो आणि कुंपणाला धडकलो.

आणि रोज दुपारी प्रकाशचा कुजबुजता फोन!

"भावजी, आमच्या गेमर ग्रुपवर सगळे तुमच्या मताची वाट बघतायत. तापतं का हो?"

"उत्तम तापतं!"

"उत्तम?"

"म्हणजे... हवा छान बाहेर टाकतं. दहा मिनिटांत..." सुनंदाने पोळपाटावरून लाटणं उगारलं. "दहा मिनिटांत मन रमतं."

"वा! सगळे ग्राफिक्सवर बोलतात, हवेवर बोलणारे तुम्ही पहिलेच. टाकतो ग्रुपवर!" (टाकलंही! 'पेणच्या एका जाणकार सरांच्या मते मागची हवा अप्रतिम.' त्यावर चाळीस अंगठे आले.)

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता दोनशेवा पापड वाळला. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं. (माझं अंगठ्यांमुळे.) मग आम्ही पापडांकडे नीट पाहिलं. हवा एकाच बाजूने आल्यामुळे दोनशेच्या दोनशे पापड एकाच बाजूला वळले होते. रचून ठेवल्यावर तर ते सगळे कान टवकारून रोह्याच्या दिशेने काहीतरी ऐकत असल्यासारखे दिसत होते.

"तळल्यावर कळणार नाय," सुनंदा म्हणाली.

"रुखवतात तळून मांडतात का?"

"तुम्ही गप्प बसा."

आता राहिला प्रश्न मशीन लपवून नेण्याचा. त्याचा खोका असा रंगीत, की तो न ओळखणारा माणूस आंधळाच असावा. सूटकेस लग्नघरात दहाजण उघडतात, साड्यांच्या बॅगा तर पंधरा. तेव्हा मला कल्पना सुचली. (माझ्याच नावावर जमा करा, सुनंदाचा यात हात नाही.) पापडांचा पत्र्याचा मोठा डबा! खाली मशीन, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर पापड. रुखवताच्या डब्यात हात घालायची कुणाची छाती आहे?

शनिवारी आम्ही डबा मांडीवर घेऊन एसटीने निघालो. नागोठण्याच्या पुढच्या प्रत्येक खड्ड्याला मी भोंग्यासारखी किंकाळी मारत होतो. सोबतचे प्रवासी हळहळले. "काय हाय हो डब्यात?" एका आजोबांनी विचारलं. "पापड," मी म्हणालो. "मग एवढा जीव कशाला काढता? मोडले तर चुरा खाऊ," आजोबा म्हणाले.

रोह्याला लग्नघरी पोचलो. प्रकाश दारातच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी डब्याकडे पाहिलं, तो समजला आणि मुलीच्या लग्नात बापाचे जसे डोळे भरतात तसे त्याचे भरले. मी डबा त्याच्या हातात देणार, इतक्यात मधे वैशाली आली.

"आले का पापड! द्या इकडं भावजी, रुखवत मांडायचंय."

"मी ठेवतो ना! जड आहे."

"पापड जड?" ती हसली आणि डबा उचलून, म्हणजे ओढत, बाहेरच्या खोलीत घेऊन गेली. तिथे सगळ्या बायका जमलेल्या, आणि मधोमध खुर्चीवर माझ्या सासूबाई. वय ब्याऐंशी. पापडाच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे निकाल.

वैशालीने झाकण काढलं. सासूबाईंनी एक पापड उचलला, बोटांनी चाचपला, डोळ्यांसमोर धरला. मग दुसरा. मग तिसरा.

"गो सुनंदा, हे सगळे एकाच बाजूला का बघतायत?"

"वाऱ्यावर वाळवले, आई."

"कुठचा वारा गो असा? एका दमात, एकाच अंगानं? चाळीस वर्षं मी पापड वाळवले, असा शिस्तीचा वारा नाय बघितला." त्या डब्यात डोकावल्या. "खालचे तरी सरळ हायत का बघू."

"खालचे नको, आई!" मी ओरडलो. प्रकाशने दाराची चौकट धरली. सासूबाईंचा हात कोपरापर्यंत आत गेला, वर्तमानपत्राखाली गेला, आणि थांबला.

"गो बाय! हा पापड केवढा जाड लाटलास!"

वैशालीने पापड बाजूला केले, कागद काढला आणि ते पांढरंशुभ्र यंत्र दोन्ही हातांनी वर उचललं.  प्रकाशचा चेहरा मशीनपेक्षा पांढरा पडला.

"हे काय हाय?" वैशालीने विचारलं. विचारलं नवऱ्याकडे बघत.

आता माझ्यावर होतं! हौशी नाटकांतून काम केलेला माणूस मी. दोन पावलं पुढे आलो, छाती काढली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "हे पापड वाळवायचं मशीन! नुकतंच बाजारात आलंय."

बायका पुढे सरकल्या. प्रकाशने श्वास सोडला. माझं काम झालं होतं! तेवढ्यात वैशाली म्हणाली, "बघू, चालवून दाखवा."

"चालवायला... टीव्ही लागतो."

"पापड वाळवायला टीव्ही?"

"हवा किती गेली, ते दिसतं त्यावर."

टीव्ही होताच. तारा जोडल्या गेल्या. मी सुजलेल्या अंगठ्याने बटण दाबलं आणि एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या. पहिली : तीन दिवस पोळपाटासमोर बसून मशीनने ओढून घेतलेली पोह्याची पिठी, हिंग आणि मिरची, हे सगळं त्याने एका दीर्घ उच्छ्वासात रुखवतावर सोडलं. तन्वीच्या मावशा, आत्या, माम्या, सगळ्या एका तालात शिंकू लागल्या. साखरेचा कलाकुसर केलेला ताजमहाल शेजारच्या काकूंच्या शिंकेने एका मिनारावर आला. दुसरी : पडद्यावर झळाळत अक्षरं उमटली. खातं प्रकाशने फोनवरून मला जसं उघडायला सांगितलं होतं तसंच मी उघडलं होतं, त्याच्या फोटोसकट. "स्वागत आहे, रोहा टायगर प्रकाश!" आणि खाली : खेळाचा वेळ सव्वीस तास. शर्यती एकतीस. विजय शून्य.

"शून्य?" प्रकाश किंचाळला. गुपित फुटल्याचं त्याच्या गावीही नव्हतं. "एकतीस शर्यती आणि शून्य? भावजी, माझ्या नावावर?"

"रोहा टायगर," वैशाली नाकाला पदर लावून सावकाश म्हणाली. "मुलीचं लग्न उद्यावर. मांडववाला तीन वेळा फोन करतोय, हे उचलत नायत, आणि रोहा टायगर?"

मी सगळं कबूल केलं. पार्सल, फोन, चाळण्या, अंगठे, सगळं. बोलता बोलता रडलोही थोडा. (नाटकाची सवय.) वैशालीने ऐकून घेतलं. मग ती वाकली आणि मशीनच्या पाठीमागे हात धरून बराच वेळ तशीच उभी राहिली.  हे डोळे मी ओळखत होतो!

"आई, पापड वाळलेत का पण?"

सासूबाईंनी एक पापड मोडला. कट्कन आवाज झाला. "वाळलेत बरे. वाकडे हायत, पण वाळलेत."

"मग भावजी म्हणाले तसंच," वैशाली म्हणाली. "हे पापडाचं मशीन. आजपासून माझ्या ताब्यात."

प्रकाश दुसऱ्या दिवशी मुलीची पाठवणी करताना इतका रडला, की वऱ्हाडी मंडळींनी त्याच्या पितृप्रेमाची फार तारीफ केली. जाताजाता तो माझ्या कानात एवढंच म्हणाला, "शून्य, भावजी?" आणि मग महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

महिन्याभराने फोन आला तो वैशालीचा.

"भावजी, आंबोशी घातलीय. कैऱ्या कापून ठेवल्यात, बाहेर बघावं तर आभाळ. ह्यांना मशीनवर बसवलं, पण काय उपयोग नाय! दोन मिनिटांत पहिले येतात, न् हवा गार! परत बसवलं, परत पहिले! मुद्दाम हरा म्हटलं तर म्हणतात, हात वळत नाय. तुम्ही या ना चार दिवस."

मी शाळेतून थेट रोह्याला गेलो. प्रकाशने दार उघडलं, माझ्याकडे बघितलंही नाही, बटणांचं खेळणं हातात दिलं आणि कैऱ्यांची ताटं आणायला निमूट आत गेला. त्या दिवशी मी एकच शर्यत तीन तास दहा मिनिटं चालवली. आंबोशी अशी कडकडीत वाळली, की सासूबाईंनी मला चहाबरोबर दोन लाडू जास्त दिले. प्रकाश मात्र शेवटपर्यंत मागे उभा राहून पडद्याकडे बघत होता, आणि शेवटी न राहवून हात जोडून म्हणाला, "भावजी, निदान पहिलं वळण तरी घ्या!"